मधलं नाव

जयंतीच्या कार्यक्रमाहून परतताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही, तेव्हाच शीलाबाईंनी ओळखलं की घरी पोचल्यावर भांडण होणार. मुलगा अतुल गाडी चालवत होता आणि प्रत्येक सिग्नलला स्टिअरिंगवर बोट आपटत होता. शेजारी त्यांचे यजमान पंडितराव मांडीवर निळा फेटा घेऊन अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या एकसारख्या घरांकडे बघत होते; दोघं अकोल्याहून मुलांना भेटायला आले होते. मागे शीलाबाईंच्या एका बाजूला लेक पायल, आठवड्यापुरती रेडमंडहून आलेली. दुसऱ्या बाजूला सून ऋता, हातात सत्काराचा गुलाब. तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. सगळा घोटाळा त्या गुलाबानेच केला होता.

आपल्या माणसाने काही चांगलं केल्याचं कळलं की त्याचा सत्कार केल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, व्यासपीठावर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खुर्च्या कमी पडतील इतकी गर्दी, आणि माइकवर परीक्षित. परीक्षितच्या हातात एकदा माइक गेला की तो परत घ्यायला दोन माणसं लागतात. वंदना संपल्यासंपल्या त्याने जाहीर केलं की आपल्या तायडे परिवाराच्या सूनबाई पॅलेस्टाइनच्या लेकरांसाठी राष्ट्रीय अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं तयार करत आहेत, तेव्हा जोरदार टाळ्या. टाळ्या पडल्या. ऋता संकोचत वर गेली. कोणाच्या तरी फोनवरून सगळं फेसबुकवर लाइव्ह चाललं होतं. अतुलने टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच खाली घेतले.

घरात शिरल्यावर बूटही न काढता त्याने विचारलं, "परीक्षितला कोणी सांगितलं?"

"मी," पायल म्हणाली. "त्यात लपवण्यासारखं काय आहे यार? पुस्तक लिहितेय ती, दरोडा नाही घालत."

"लाइव्ह चालू होतं, पायल. आणि इंटरव्ह्यू नेक्स्ट मंथ आहे."

या घरात इंटरव्ह्यू म्हणजे एकच इंटरव्ह्यू, ग्रीन कार्डाचा. तपभर रांगेत उभं राहिल्यावर अतुलचा नंबर आला होता. पायलचा नवरा इथेच जन्मलेला, त्यामुळे तिचं कार्ड कधीच आलं होतं, आणि तेव्हापासून ती भावापेक्षा जरा मोकळं बोलायची. हे शीलाबाईंच्या लक्षात आलं होतं. कार्ड मिळालं की माणसाचा आवाजही बदलतो की काय, असं त्यांना कधीकधी वाटायचं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. कणकेत रवा मिसळून त्यांनी बट्ट्यांचं पीठ मळायला घेतलं. पंडितरावांना आज वरण-बट्टी हवी होती, आणि भांडणाच्या दिवशी हाताला काम असलेलं बरं.

अतुल वाईट माणूस नव्हता, तो घाबरलेला माणूस होता, आणि घाबरलेला माणूस घरात फार जागा घेतो. बैठकीच्या खोलीत तो सोफ्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होता. हल्ली कोणाच्या नावापुढे काय सापडेल आणि ऑफिसर काय विचारेल याचा नेम नव्हता. त्याच्या टीममधला अमन तर फोनमधलं सगळं पुसून विमानात बसला होता. अतुलने गेली कित्येक वर्षं वेगमर्यादा ओलांडली नव्हती, कुठल्या पोस्टला लाइक केलं नव्हतं, कुठल्या मोर्च्याच्या बाजूने गाडीही नेली नव्हती. आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो अकोल्याला गेला नव्हता. व्हिसाच्या शिक्क्यासाठी अडकलो तर नोकरी जाईल, म्हणून तीन दिवस फोन हातात धरून बसला होता. कार्ड आलं की पहिलं तिकीट अकोल्याचं, हे त्याने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

"ऋता," तो थांबून म्हणाला, "सत्काराचं जाऊ दे. तो व्हिडिओ मी परीक्षितला काढायला सांगतो. पुस्तकात तुझं नाव नको."

ऋता जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. "मला आज संध्याकाळपर्यंत हनानला पान फायनल करून द्यायचंय. रामल्लामध्ये उद्या सकाळी छपाईला फाइल पोचायला हवी."

"मग दे ना. नाव काढून दे."

हे काम तिला दोन वर्षांपूर्वी मिळालं होतं. प्रिन्स्टन जंक्शनच्या स्टेशनजवळ दोन खोल्यांचं ऑफिस, आणि जगभर विखुरलेले पॅलेस्टिनी शिक्षक: काही रामल्लात, काही गाझात, काही इथेच पॅटरसनमध्ये. पहिली ते चौथीचा अभ्यासक्रम नव्याने मांडायचा आणि त्याची पुस्तकं करायची. ऋताकडे तिसरीचा परिसर अभ्यास होता. ती इंग्रजीत लिहायची, पॅटरसनमधली हनान ते अरबीत न्यायची आणि नेता नेता अर्धं खोडायची. या हनानचा एक नियम होता. पुस्तकावर नुसतं 'संपादक मंडळ' छापायचं नाही. प्रत्येक पाठाखाली तो करणाऱ्यांची नावं. पुस्तकावर उद्या कोणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायला माणूस हवा, असं ती म्हणायची.

"एका पाठाला नाव नसलं तर काय बिघडतं?" अतुल म्हणाला.

"माझ्या नावाच्या वर सुहैरचं नाव आहे. ती गाझात तंबूत वर्ग घेते. नाव नको म्हणायला तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त कारणं आहेत, अतुल. ती नाही म्हणाली."

"तिचा इंटरव्ह्यू नाहीये."

हे बोलल्याबरोबर त्यालाच ते ऐकवेना. पायलने भुवया उचलल्या. आत शीलाबाईंनी पिठाचा गोळा जरा जोरात आपटला, पण त्या मुलाच्याच बाजूच्या होत्या. दूरच्या मुलांचं कोणालाही वाईट वाटतं. आपला मुलगा मात्र आपल्या घरी येऊ शकत नाही, हे रोज वाटतं.

पंडितराव अजून गप्प होते. टेबलाच्या टोकाला बसून फेट्याची घडी घालत होते. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीचा लावला होता. अतुलला वाटत होतं बाबा आपल्या बाजूने आहेत. ऋताला ठाऊक होतं की हा पाठ निम्मा बाबांचाच आहे.

पहिला मसुदा तिने आपल्या सवयीने केला होता. पुण्यात ती शिकली तसा: आधी घर, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा. आणि उपक्रम म्हणून, 'घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा.' सुहैरने तो वर्गात करून पाहिला आणि आवाजी निरोप पाठवला. मुलांनी कागद कोरे परत दिले होते. बाई, कुठलं घर काढू, असं विचारत होती. आधीचं, की त्याच्या आधीचं? आणि शाळा कुठली? तो निरोप ऐकून ऋता दिवसभर जेवली नव्हती. आपण किती सहज लिहून मोकळे झालो, याची तिला शरम वाटली होती.

तेव्हा अकोल्याला व्हिडिओ कॉलवर तिने सासऱ्यांना विचारलं. पंडितराव जिल्हा परिषदेच्या शाळेतले हेडमास्तर, तिसरीच्या जिल्ह्याच्या भूगोलाच्या पुस्तकावर काम केलेले. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि मग म्हणाले, "आमच्या तिसरीत गावाचं चित्र काढायला लावत. शाळा, चावडी, देऊळ, विहीर. मी गुरुजींना विचारलं, आमची वस्ती कुठं काढू? ते म्हणाले, कागद संपला. पोराला कागदावर घर शोधायला लावू नको, ऋता. गावाबद्दल तुला कोण सांगते, ते विचार."

त्यावरून पाठ उभा राहिला होता. 'इन्ता मिन वेन?', म्हणजे तू कुठला, हा तिथला रोजचा प्रश्न. आपल्या 'गाव कोणतं'सारखाच. मग, ते गाव तुला कोणी सांगितलं? मुलांनी या वेळी कागद भरून दिले. एका मुलीने लिहिलं होतं, मी माझं गाव पाहिलं नाही, पण तिथली विहीर कुठे आहे ते मला सांगता येतं.

"दाखव तरी कसं आहे पान," अतुल म्हणाला आणि ऋताच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. अरबी ओळी त्याला कळेनात. खाली इंग्रजी नावं होती. सुहैरचं, मग पंडित तायडे यांचे आभार, आणि मध्ये ऋता अतुल तायडे.

"माझं नाव काय करतंय इथे?"

"पासपोर्टवर आहे तसं घेतलंय हनानने. आपल्याकडे मधे नवऱ्याचं नाव असतं ना."

"म्हणजे मी सुद्धा छापला जाणार." तो मागे सरकला. खिडकीकडे गेला, परत आला. मग त्याला एकदम मार्ग सापडल्यासारखं झालं. "हे बघ, सिंपल आहे. माहेरचं नाव लाव. ऋता श्रीरंग आगाशे. नाव पण राहिलं, काम पण झालं."

पायलने फोन उलटा करून ठेवला.

ऋताला आपल्या लग्नाआधीचे दिवस आठवले. बाबा म्हणजे श्रीरंग आगाशे तेव्हा अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले होते, लग्न कर, आमची ना नाही, पण हल्ली नाव कोण बदलतं? त्या समजुतीच्या सुरामागे काय आहे ते तिला बरोबर ऐकू आलं होतं. म्हणून तिने हट्टाने अख्खं नाव बदललं होतं, मधलं आणि शेवटचं, पासपोर्टसकट. एरवी तिने कदाचित बदललंही नसतं.

पंडितरावांनी फेटा बाजूला ठेवला.

"आगाशे चांगलं नाव आहे," ते म्हणाले. "ऋताचे वडील चांगले माणूस आहेत, आता तर माझे मित्र आहेत. पण तू ते काहून मागून राहिला, अतुल?"

"बाबा, सेफ आहे म्हणून. बाकी काही नाही."

"भीतीला मी नावं ठेवत नाही. भ्यायलेलो मी पण आहे. पण तायडे लपवायचं आणि आगाशे पुढं करायचं, हे माझ्या घरात आजवर कोणी बोललं नव्हतं."

"ही अमेरिका आहे, बाबा. त्यांना आगाशे काय आणि तायडे काय, सारखंच. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना," पंडितराव म्हणाले.

इथे पायलने बाजू बदलली, आणि ती बदलेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. "बाबा, ऐका. दादा टेक्निकली चूक नाहीये. माझ्या ऑफिसमधल्या निम्म्या बायका माहेरचंच नाव लावतात. प्रत्येक गोष्टीत कास्टचा अँगल आणायलाच हवा का? आम्हाला किती वर्षं झाली इकडे येऊन."

"मी कुठं आणला? तो आणून राहिला," पंडितराव म्हणाले.

"पण दादा, उपयोग शून्य आहे हं त्याचा," पायलने तोंड भावाकडे वळवलं. तिला दोन्हीकडून भांडायला आवडायचं. "ऋताची केस तुझ्याच केसवर आहे. फाइल एक, पत्ता एक. ज्याला शोधायचंय तो शोधेलच."

"मग मी काय करू? तुला बोलायला काय जातं? तू सेफ आहेस."

"म्हणून तर बोलतेय. कोणीतरी बोलायला नको?"

शीलाबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या. मघापासून त्यांच्या मनात मुलाची बाजू घ्यायची होती, आणि तेच बोलायला त्या आल्या होत्या. बोलल्या मात्र वेगळंच.

"अतुल, पुण्यात तुझ्यासाठी खोली पाहायला गेलो होतो, आठवते? त्या बाईने पाणी दिलं, छान बोलली. मग विचारलं, गाव कोणतं. मग आडनाव. तू माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, तायडे. खोली नाही भेटली. स्टँडपर्यंत तू काही बोलला नाहीस, आणि बसमध्ये बसल्यावर म्हणाला, आई, बरं केलंस."

"तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, आई. तेव्हा गमवायला काय होतं माझ्याकडे?"

"आता काय आहे?"

"तू आहेस," तो म्हणाला. "तुम्ही दोघं आहात. मला यायचंय तिकडे. तुला हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा मी इथे बसून होतो. परत तसं नकोय मला."

शीलाबाईंना पुढे होऊन त्याला जवळ घ्यावं असं वाटलं, पण हात पिठाचे होते. "माझं ऑपरेशन तुझ्याविना झालं, बाप्पा," त्या हळू म्हणाल्या. "अजून एखादं होईल. माझ्या नावाखाली तिला नको दाबू."

हे ऐकून अतुलला राग आला, की सगळे एका बाजूला झाले. आणि त्या रागाखाली दुसरं काहीतरी होतं, ज्याच्याकडे त्याला बघायचं नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "सगळे शूर. मी एकटाच भित्रा. पण माझं नाव माझं आहे. ते मला नकोय त्या पानावर. एवढं तरी मागू शकतो ना मी?"

"मी पण शूर नाहीये," ऋता म्हणाली. सकाळपासून ती इतकं सरळ बोलली नव्हती. "इंटरव्ह्यू माझा पण आहे. मला पण झोप लागत नाही. पण त्या मुलांना मी विचारलंय, तू कुठला, आणि त्यांनी मला सांगितलंय. आता माझी पाळी आली तर मी आगाशे म्हणून सांगू?" ती थांबली. "तू म्हणतोस ते एक मात्र बरोबर आहे. तुझं नाव तुझं आहे."

तिने फोन उचलला. अतुलला वाटलं, ती बाहेर जाऊन बोलेल. तिने फोन टेबलावरच ठेवला आणि स्पीकर लावला, कारण तिला हात लॅपटॉपसाठी मोकळे हवे होते.

"हनान, शेवटचं पान उघडं आहे का तुझ्याकडे?"

"तुझीच वाट बघतेय," हनानचा जाडसर, थकलेला आवाज आला. ती इंग्रजीत बोलत होती, मागे भांड्यांचा आवाज होता. "काढायचं का नाव? सांगून टाक, ऋता. मी रागावणार नाही. इथे माझ्या सख्ख्या भावाने त्याचं काढायला लावलंय."

"नाही. माझं राहू दे. फक्त मधलं काढ."

मग हनान म्हणाली, "अतुल? पण ते तुझ्या वडिलांचं नाव आहे ना?"

"नाही, नवऱ्याचं."

"खरंच? दोन वर्षं मी समजतेय वडिलांचं. आमच्याकडे मधे बापाचं असतं, मग आजोबांचं. ते कोणी काढत नाही गं, माणूस मेला तरी काढत नाही. म्हणून मला धक्का बसला." आणि ती मोकळेपणाने हसली. "नवऱ्याचं असेल तर काढते की. त्यात काय एवढं."

पायलला हसू फुटलं आणि ते तिने तोंडावर हात ठेवून दाबलं. बाकी कोणी हसलं नाही. फोनमधून कळ दाबल्याचे बारीक आवाज आले.

"झालं," हनान म्हणाली. "ऋता तायडे. वाचायला पण सोपं. पाठवते रामल्लाला. जा, जेव आता."

फोन बंद झाला. ऋताने लॅपटॉप मिटला आणि बट्ट्या तयार झाल्यावर ताटं मांडायला उठली. पंडितरावांनी खुर्ची पुढे ओढली. पायल पाणी भरायला लागली. जो तो काहीतरी करत होता आणि अतुल मधोमध उभा होता, हात लोंबकळत. एवढा हट्ट करून मिळवलेली गोष्ट, आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. तायडे राहिलं होतं, म्हणजे धोका जिथल्या तिथे होता. गेला होता तो फक्त तो स्वतः.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" शीलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "बस आता. बट्ट्या निवून राहिल्या."

तो बसला. समोर वरणाची वाफ येत होती. शेजारी बाबा बट्टी कुस्करत होते, आणि त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. अतुलला लाज वाटली, इतकी की कान गरम झाले. लग्नानंतर पासपोर्टच्या अर्जावर ऋताने ते नाव लिहिलं होतं तेव्हा तो शेजारीच बसला होता. मधली जागा तिने जरा जास्त सावकाश भरली होती, वळून त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि त्या दिवशी आपण कोणीतरी आहोत असं त्याला पहिल्यांदा वाटलं होतं. ते कोणी हिसकावून घेतलं नव्हतं. तोच हट्टाने त्यातून बाहेर पडला होता.

ऋता वाढायला त्याच्या बाजूला आली.

"परत घालता येईल?" त्याने विचारलं, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू.

तिने त्याच्या ताटात बट्टी वाढली, त्यावर तूप घातलं.

"फाइल गेली," ती म्हणाली.